बाराची बंदूक

१० ऑक्टोबर १९५१, दसरा

आज तोंड आवरलं नाही, आणि आवरलं नाही तेच बरं झालं. चुलतभाऊ म्हणून जन्माला आला म्हणजे काय दयारामने आमच्याच ओटीवर, आमच्याच पाटावर बसून, आमचीच बंदूक मेली म्हणून सांगायचं?

सकाळी नेहमीसारखी शस्त्रपूजा झाली. कोयते, खुरपी, पहार आणि मधोमध पणजोबांची पलटणीतली ठासणीची बंदूक. दयारामच्या आईने, धोंडूबाई काकीने, घोड्यापासून नळीच्या तोंडापर्यंत हळदकुंकू माखलं, वर चमचाभर पंचामृत सोडलं, नळीत झेंडू खोचला आणि कापूर ओवाळला. मी दाराआडून बघत होते. विधवेने पूजेत पुढे यायचं नाही. बंदुकीला हळदकुंकू चालतं, मला नाही. असो.

आरती झाली आणि दयारामने घसा खाकरला. "काका तर असे खाटेवर. बंदूक गंजून मेली. यंदा त्रिपुरीचा बार मी काढतो. मुंबईहून नवी दुनळी घेतलीय. देवीची सेवा खंडू नये, एवढंच आपलं."

एवढंच म्हणे! सेवा कसली, डोळा वाडीवर. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या आळीतल्या देवीची पालखी निघते, आणि बंदुकीचा बार झाल्याशिवाय भोई तिला खांदा देत नाहीत. तो बार काढायचा मान आमच्या घराचा. त्या मानापोटी देवळाची एक वाडी पणजोबांना कसायला मिळाली, तीच बाराची वाडी. गेल्या साली पौर्णिमेच्या सकाळीच माझे वडील, दादा, कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आपटबार उडवून पालखी काढली आणि पंचांनी वर्ष माफ केलं. यंदा चुकलं तर जो बार काढील त्याची वाडी. दादांना आणि मला दुसरा आधार नाही. ते केळीचे लोंगर आणि ती पानवेल, त्यावर दोघांची चूल. नवरा गेल्यावर आगाशीच्या सासरहून मला परत पाठवलं ते ह्याच वाडीच्या भरवशावर.

मी दाराआडून बाहेर आले. म्हटलं, "दयाराम, बंदूक मेली की नाही ते पौर्णिमेला कळेल. तोवर सुतक धरू नकोस."

काकीने तोंडाला पदर लावला. दादांनी डाव्या हाताने पानाचा डबा असा आपटला की सुपाऱ्या अंगणात गेल्या. कोणावर रागावले होते देव जाणे. बहुतेक माझ्यावरच.

१२ ऑक्टोबर

आज आम्ही सगळे जिवंत आहोत ही देवीची कृपा. लिहितानाही हसू येतंय.

सकाळी बंदूक ओसरीवर आणली. दादांना खाटेवर उशांना टेकवून बसवलं. हळदकुंकवाचे इतक्या वर्षांचे थर धुवायला घेतले तर खाली लोखंड कुठलं, नुसते पापुद्रे. दर दसऱ्याला पंचामृत पाजायचं आणि दादांनी बारापुरता घोडा सोडवायचा; यंदा तो जागच्या जागी चिकटलाय. घोड्याखालच्या पत्र्यावरचा मुकुटाचा शिक्का नखाने खरवडला तेव्हा दिसला. पूजा करून करूनच मारली बिचारीला.

इनेझ आली. इनेझ म्हणजे कुंपणापलीकडची. तिची वाडी, आमची वाडी, मध्ये शेराचं कुंपण, आणि त्या कुंपणाला आम्ही दोघींनी बोलून बोलून भोक पाडलेलं. म्हणाली, "ही बंदूक का विळी गो? विळीला पण एवढा गंज नाय."

दादांनी गजाकडे बोट दाखवलं, आत घाल म्हणून. गज नळीत सोडला तो तळापर्यंत न जाता टप्पकन थांबला. तिथे खूण करून गज बाहेरून नळीला लावून पाहिला, तर तळाला चांगली वीतभर जागा उरली. मी म्हटलं, कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं असणार. तर दादा डाव्या हाताची मूठ वळतात आणि फाड्‌दिशी उघडतात. पुन्हा वळतात, पुन्हा उघडतात.

इनेझला आधी कळलं. ती उडी मारून खांबामागे गेली. "भरलेली हाय! बाई गो, भरलेली हाय!"

गेल्या साली पौर्णिमेला पहाटेच दादांनी बंदूक भरून ठेवली होती आणि मग वाडीत गेले ते पडलेच. कोणी ती रिकामी केलीच नाही. वर्षभर ती देवघरात उभी, शेजारी रोज निरांजन. परवा काकी तोंड नळीशी नेऊन झेंडू खोचत होती आणि खाली कापूर जळत होता! ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली नव्हती म्हणून निभावलं.

इनेझ म्हणाली, "तुझी काकी परवा सरळ सर्गात गेली असती. ती पण सवाष्ण!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दादाही हसले, अर्ध्या तोंडाने.

मग हसणं थांबवून कामाला लागलो. बंदूक विहिरीपाशी माडाला उभी बांधली आणि नळीत कढत पाणी ओतलं. भिजली की दारू मरते, हे दादांनी राखेत पाणी ओतून दाखवलं. दुपारी गजाला मळसूत्र लावून बोळा ओढला. काथ्याचा काळा लगदा बाहेर आला आणि मागून शाईसारखं पाणी. इनेझने छातीवर क्रूस केला. मीही हात जोडले. देव ज्याचा त्याचा, जीव मात्र दोघींचा तिथेच होता.

१८ ऑक्टोबर

चूक झाली. माझीच. लिहून ठेवते म्हणजे पुन्हा होणार नाही.

सहा दिवस रॉकेलमध्ये भिजवून घोडा सुटला. पाणी उकळ, नळीत ओत, गजाला काथ्या गुंडाळ आणि घास, असं करता करता आतून काळं येणारं पाणी काल नितळ आलं. मला हुरूप आला. दादांना दुपारी झोप लागली तशी मी चिंचेचा कोळ आणि राख घेतली आणि नळी बाहेरून घासायला बसले. घरच्या घागरी मी अशा घासते की तोंड दिसावं. बंदूकही तशीच निघाली, चांदीसारखी. संध्याकाळी दादांपुढे ठेवली. म्हटलं बघा तुमच्या लेकीची करणी.

दादांनी बघितलं आणि हातातला पेला माझ्या दिशेने फेकला. मी वाकले म्हणून, नाहीतर कपाळमोक्ष. एवढं चकचकीत करून दिलं त्याचं हे बक्षीस!

आज सकाळी कळलं का ते. समुद्राचा वारा रात्रभर लागला आणि उघडी पडलेली नळी गेरूसारखी लाल झाली. जुनं काळपट सावळं अंग होतं तेच तिचं चिलखत होतं, आणि तेच मी चिंच लावून सोलून काढलं. पितळेला चिंच, लोखंडाला नव्हे. आयुष्यभर भांडी घासणाऱ्या बाईला कोण सांगणार?

मी रडले नाही. नळी पुन्हा घासली, कोरड्या राखेने. मग दादांनी देवघरातल्या दिव्याकडे बोट केलं. उंडीचं तेल, होड्यांना लावतात तेच. ते कोमट करून फडक्याने चोळायचं, उन्हात ठेवायचं, पुसायचं, पुन्हा चोळायचं. लाकडी दस्त्याला अळशीचं तेल. भुंग्याने पाडलेल्या भोकात मेण आणि लाख. दिवसभर घरात होडीसारखा वास आहे. दादांनी तेलाचं फडकं एकदा नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवलं.

२४ ऑक्टोबर

वसईला जाऊन आले, इनेझला बरोबर घेऊन, टांग्याने. टोपी बसते ती बारीक नळी झिजून गेली होती. बाजारातल्या लोहाराने जुन्या मापावरून नवी करून दिली. तिथून दारू आणि टोप्या घ्यायला परवान्याच्या दुकानात.

दुकानदाराने परवाना उलटसुलट केला. "पुरुष माणूस कोणी नाही का?"

म्हटलं, "आहे. घरी खाटेवर आहे. त्याच्याच नावाचा कागद तुमच्या हातात आहे. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते."

त्याने मुकाट्याने पुडा बांधला. वर सांगितलं, परवाना काशिनाथांच्या, म्हणजे दादांच्या नावाचा, तेव्हा बार काढताना काशिनाथ शेजारी हवेत, नाहीतर फौजदार विचारील. ते मला ठाऊक होतं. दादांना खुर्चीत घालून नेईन. खुर्ची मोडली तर पाठीवर नेईन.

परतताना इनेझ टांग्यात मोठ्याने म्हणते, "सरकारची दारूबंदी आणि ही बया उघड दारू घेऊन चालली." टांगेवाला वळून बघतो, पुन्हा पुढे बघतो. असली मैत्रीण असेल तर वैरी कशाला हवा?

२७ ऑक्टोबर

आज जीव भांड्यात पडला. विद्याधरभाऊ येऊन गेले. देवळाचे मुख्य पंच, वसई कोर्टात वकिली करतात. माणूस वाईट नाही, फक्त दोन्ही डगरींवर हात ठेवून बसतो.

दयाराम त्यांच्याकडे जाऊन आलाच होता. विधवेने बार काढला तर देवी कोपेल, आळीवर संकट येईल, वगैरे. भाऊंनी चहा घेतला, बंदूक हातात घेऊन बघितली, "वा, काय कळा आणलीस गं," म्हणाले. मग आवाज खाली आणला. "हे बघ चंद्रकांता. तू एकटीने बार काढलास तर मला आळी आवरायची नाही. पण काशिनाथांचं बोट चापावर असेल, तर बार काशिनाथांचा. तू नुसती बंदूक धरलीस. धरण्याला कोण काय म्हणणार? सूर्य बुडेपर्यंत वाट बघू. नाहीच जमलं तर मग दयारामला सांगावं लागेल."

काय डोकं बघा! साप मरतो आणि काठी तुटत नाही. दादांचं डावं बोट चापावर ठेवायचं, भार माझ्या खांद्यावर, आणि बार आमच्या घराचा. मी भाऊंना वाकून नमस्कार केला.

दादांनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊंनी निरोप घेतला तरी बघितलं नाही. दुखणं माणसाला किती हेकट करतं. मी म्हटलं, "दादा, तुमच्याच मानासाठी चाललंय ना हे सगळं?" तर डोळे मिटून घेतले.

३० ऑक्टोबर, दिवाळी

बंदूक जिवंत आहे!

आज आळीभर फटाके, तेव्हा आमचा एक आवाज कोणाच्या लक्षात येणार नाही असा बेत केला. दिवेलागणीला वाडीच्या टोकाला दादांची खुर्ची नेली. पितळेच्या मापाने दारू ओतली, काथ्याचा बोळा ठासला. गोळी नाही, बारच काढायचा. घोडा चढवला, टोपी बसवली, दस्ता खांद्यात रुतवला, डोळे मिटले आणि ओढला चाप.

टिच्‌. नुसती टोपी फुटली.

मी बंदूक खाली आणणार तोच दादांनी डाव्या हाताने माझं मनगट असं पकडलं की अजून वळ आहे. नळी वरच धरायला लावली, बराच वेळ. आत विस्तव धुमसत असला तर? मग टाचणीने छिद्र मोकळं केलं, दुसरी टोपी लावली.

आणि बार झाला. काय बार झाला! माडावरचे कावळे उठले, इनेझची कोंबडी दोन दिवस अंडं घालणार नाही. खांदा निखळला असं वाटलं. धुरात काही दिसेना, आणि मी "झाला, झाला" म्हणून पोरीसारखी ओरडत होते. धूर विरला तेव्हा दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर झोंबला असणार.

बेत कसला कामाला येतोय. आख्ख्या आळीला कळलं. फटाक्याचा आवाज असा नसतो.

४ नोव्हेंबर

दादांचं बोट चापावर ठरत नाही. रोज दुपारी सराव करतो, रिकाम्या बंदुकीने. मी त्यांच्या खुर्चीमागे गुडघ्यावर बसते, दस्ता माझ्या खांद्याला, नळी त्यांच्या डाव्या अंगाने वर. त्यांचं बोट उचलून चापावर ठेवते. ते ठेवून घेतात आणि काढून घेतात. पुन्हा ठेवते, पुन्हा काढून घेतात. काल तर माझंच बोट धरून चापावर टेकवलं. बहुधा दाखवत होते की असं धरायचं. मला ठाऊक आहे कसं धरायचं. धरायचंय त्यांना.

भीती वाटते, आता डाव्या हाताचाही जोर चालला की काय. वैद्यांनी सांगितलं होतं, दुसरं अंगही जाऊ शकतं म्हणून. रोज तीळतेल चोळतेय. देवी, पौर्णिमेपर्यंत तेवढा हात ठेव. मग ने हवं तर.

नको, नेऊ नकोस. रागात लिहिलं.

९ नोव्हेंबर

धोंडूबाई काकी सकाळीच हजर. येताना रताळी घेऊन आली, म्हणजे काहीतरी मागायला आलीये हे उघड होतं.

"चंद्रे, कशाला जिवाचा आटापिटा? दयाराम काय परका आहे? वाडी त्याच्याकडे गेली तरी तुम्हा दोघांना दोन घास तो घालीलच की. आणि बायकामाणसाने, त्यातून तू अशी... पालखीच्या वाटेत उभं राहू नये गं. देवीला चालत नाही."

म्हटलं, "काकी, देवीने तुला कधी सांगितलं? मलाही ऐकू दे."

"जीभ आहे की कातर?"

"कातर आहे. धारही मीच लावलीये."

दादा खाटेवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. ती जुनी, दगडासारखी भरडी सुपारी. कट्ट, कट्ट, डाव्या हाताने एकामागून एक. काकी बोलत होती तोवर त्यांनी बशीभर कातरली. तिची रताळी मी परत तिच्याच पदरात घातली.

काकी गेल्यावर इनेझ कुंपणाच्या भोकातून म्हणाली, "काशिनाथकाकांच्या हाताला चांगला जोर हाय गो. सुपारी बघ कशी फोडतात."

"सुपारीचं वेगळं, ती सवय असते. चापावर बोट ठरत नाही त्यांचं."

इनेझने माझ्याकडे बघितलं. "ठरत नाय का ठेवत नाय?"

मी म्हटलं, "उगाच काहीतरी बोलू नकोस. त्यांच्या घराचा मान आहे, ते का नाही ठेवणार?" ती "बरं बाई" म्हणून निघून गेली. तिला काय कळणार, तिच्याकडे पालखी नसते.

१४ नोव्हेंबर

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या लोक सांगतील तेच मला खरं वाटायला लागेल.

काल दुपारी दादांना आंघोळ घातली, धुतलेलं धोतर नेसवलं, डोक्याला पागोटं बांधलं. खुर्चीला वेळूचे दोन दांडे बांधून वाडीवरच्या गड्यांनी त्यांना देवळापुढे नेलं. बंदूक माझ्या खांद्यावर. वाटेत दोन दारं मला बघून बंद झाली. एका दारात म्हातारी यशोदामावशी उभी होती, तिने नुसतं "नीट जा गं" म्हटलं. तेवढंही पुष्कळ होतं.

देवळापुढे सगळी आळी. भोई पालखीपाशी उभे, पुढे शंकर भोई, मिठागराच्या बाजूचा, जन्मभर पालखीला पुढचा खांदा देणारा. समोर दयाराम, हातात दुनळी, नव्या चामड्याचा वास इथवर येत होता. विद्याधरभाऊ मध्ये, एकदा सूर्याकडे बघत, एकदा आमच्याकडे.

मी बंदूक भरली. बायका कुजबुजायच्या थांबल्या. खुर्चीमागे गुडघ्यावर बसले, दस्ता खांद्याला लावला, घोडा चढवला, टोपी बसवली. मग सगळ्यांना दिसेल असं दादांचं डावं बोट उचललं आणि चापावर ठेवलं.

दादांनी ते काढून घेतलं.

मी पुन्हा ठेवलं. हळूच म्हटलं, "दादा, एकदाच. वाडी जाईल." त्यांनी पुन्हा काढलं. आणि ह्या वेळी हात वर केला, चांगला उंच, पाचही बोटं पसरून, गर्दीला दाखवल्यासारखा. मग तो स्वतःच्या मांडीवर आणून ठेवला.

तेव्हा कळलं मला. हाताला काहीही झालेलं नव्हतं. आठवडाभर मी ज्या हाताला तेल चोळत होते तो धडधाकट होता. म्हाताऱ्याला माझ्या बाराला स्वतःचं नाव द्यायचंच नव्हतं. आणि मी? आळीला शिंगावर घ्यायला निघालेली मी, त्यांच्या एका बोटाआड लपायला किती खूश झाले होते! अशी लाज वाटली की कान तापले.

दयारामला वाटलं आमचं संपलं. त्याने घाईघाईने दुनळी वर केली आणि बार काढला. फट्ट, फट्ट, दोन. भाऊंनी सांगायचीही वाट बघितली नाही.

भोई हलले नाहीत. शंकर भोई दांड्यावर हात ठेवून तसाच उभा. म्हणाला, "बार कवा हाय?"

दयाराम ओरडला, "झाला की! बहिरा आहेस का?"

"ह्यो? ह्यो फटाका. आमी बारावर उटतो."

कोणीतरी हसलं. मी उठून उभी राहिले. आता खुर्चीमागे बसायची गरज नव्हती. दादांच्या शेजारी, सगळ्यांसमोर उभी राहिले, दस्ता खांद्यात घेतला, नळी माडांच्या वर धरली. डोळे मिटले नाहीत. आणि माझ्या बोटाने चाप ओढला.

त्या आवाजाबद्दल काय लिहू? देवळाची घंटा आपोआप वाजली म्हणतात लोक. मी नाही ऐकली. धुरातून काकीचा आवाज आला तो ऐकला. "विधवेच्या हातचा बार! बाटली गं पालखी, बाटली!"

शंकर भोयाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मावशे, देवी बी एकलीच हाय ना देवलात? तिला कंदी इचारलं का कोनी, तुजा घोव कुटं म्हनून?" आणि मागच्यांना म्हणाला, "उचला रं!"

पालखी उठली.

बार काढणाऱ्याने शिवेपर्यंत पालखीच्या पुढे चालायचं असतं. मी चालले. कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं, बघितलं नाही. इनेझ तिच्या फाटकाशी पोरासोरांना घेऊन उभी होती आणि टाळ्या वाजवत होती, सर्कस आल्यासारख्या. मागून दादांची खुर्ची येत होती. त्यांनी गड्यांना थांबू दिलं नाही.

आज सकाळी बंदूक धुतली. बार झाल्यावर लगेच कढत पाण्याने नळी धुवायची असते, नाहीतर दारूची राख लोखंड खाते. काल ते राहून गेलं होतं. तेल लावत होते तेवढ्यात विद्याधरभाऊ आले. रात्रभर झोपले नसावेत. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी सुटल्याचा आनंद.

"झालं, मिटवलं मी," ओटीवर बसत म्हणाले. "दयाराम आणि काकी पहाटेपासून माझ्या दारात. मी पंचांना सांगितलं, मी सगळ्यात जवळ होतो, धूर झाला त्या वेळी बोट काशिनाथांचंच होतं. माझ्या शब्दापुढे कोणी जाणार नाही. रविवारी पंच तुला विचारतील. तू फक्त हो म्हण. वाडी तुमची."

किती सोपं होतं. एक अक्षर. त्यात ती केळी, ती पानवेल, दादांचं औषध, म्हातारपणी माझी भाकरी, सगळं होतं. मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, सुपारी कातरत होते. ह्या वेळी त्यांनी काही दाखवलं नाही, खूण केली नाही.

मी म्हटलं, "नाही, भाऊ. बोट माझं होतं. एकटीचं."

"अगं, मला ठाऊक आहे ते. म्हणूनच तर..."

"रविवारी मी तेच सांगणार. बार आमच्या घराचा होता, बंदूक आमच्या घराची, आणि ह्या घरात मी आहे. भोयांनी खांदा दिला. पंचांना त्यापुढे काही विचारायचं असेल तर मला विचारावं, दादांच्या बोटाला नाही."

भाऊंनी कपाळ पुसलं. "चंद्रकांता, हट्ट करू नकोस. दयाराम गप्प बसणार नाही. वाडी जाईल, मग काय करशील?"

मी गजाला कोरडं फडकं गुंडाळलं आणि नळीत सारलं. तळापर्यंत गेला, कुठे न अडता.

"वाडी कुठे जात नाही, भाऊ. ज्याला हवी असेल त्याने घ्यायला यावं. दयारामलाही सांगा. बंदूक साफ आहे आमची."

भाऊ चहा न घेताच उठले. दादा हसायला लागले. अर्ध्याच तोंडाने, पण भाऊ फाटकाबाहेर पडून वळणापर्यंत पोचले तरी हसतच होते.